वजूच्या पाण्याची झाडं

मित्रांनो, जालन्याच्या पिंजारपुऱ्यात मशिदीच्या मागच्या भिंतीला टेकून एक हातगाडा उभा आहे. त्याच्या फळ्या फुगल्या आहेत, एक चाक कायमचं बसलं आहे आणि बहुतेक वेळा त्याच्यावर कुणाची तरी शेळी चढून रवंथ करत असते. तो जुना हातगाडा म्हणजे मी. माझ्याकडे बघून कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. मीही कधी आपणहून बोललो नाही. पण आज शेळी उतरून गेली आहे आणि तुम्ही जवळ आला आहात, तर ऐका. ही गोष्ट माझी कमी आणि मैमूनाची जास्त आहे.

माझा जन्म एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्या भागात लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत. भंगार भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. माझा सांगाडा तिथल्याच लोखंडी पट्ट्यांचा. वर बाभळीच्या फळ्या ठोकल्या, खाली सायकलसारखी चार चाकं बसवली आणि निळा रंग दिला. रंग पुरता वाळलाही नव्हता, तोच अजमत मला घ्यायला आला. उंच, वाकलेला, दाढी मेंदीने रंगवलेला माणूस. त्याने मला पुढेमागे ढकलून पाहिलं, चाकाजवळ कान नेला आणि म्हणाला, "बराबर आहे. हा आवाज न्हाई करत. आवाज करायचं काम मंग माझं."

अजमत मोसंबी विकायचा. पहाटे बाजारातून माल आणायचा आणि माझ्यावर मोसंब्यांची अशी रास रचायचा, की खालचं एक फळ काढलं तरी वरचं हलत नसे. त्याची बायको मैमूना रोज सकाळी ओल्या फडक्याने माझ्या फळ्या पुसायची. मग आम्ही निघायचो. अजमतची हाक तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. बायका म्हणायच्या, "मोसंबीवाले चाचा आले." त्यांच्याबरोबर मीही आलेला असायचो, पण माझं नाव कोण घेणार? मला त्याचं वाईट वाटलं नाही. कामाचे दिवस होते ते. कामाच्या दिवसांत आपल्याला काय वाटतं याचा विचार होत नाही.

आता पिंजारपुऱ्याबद्दल सांगतो. कधीकाळी तिथे कापूस पिंजणारी घरं होती, म्हणून हे नाव. पुढे तो धंदा गेला. रस्ता रुंद झाला, नाली झाली, सिमेंट आलं. रस्त्याच्या कडेची जुनी झाडं मधे येत होती, ती काढली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मधे आली, काढली. गल्लीच्या मधोमध एक मोकळी जागा होती, तिला लोक मैदान म्हणत. त्या मैदानात घराघरांतला कचरा पडू लागला, मोडके कमोड आणि गाद्यांचा कापूस पडू लागला. रिक्षावाले आत यायचे नाहीत, कोपऱ्यावरच सोडायचे. पोरगी बघायला पाहुणे येणार असले की लोक पलीकडच्या मोहल्ल्याचा पत्ता द्यायचे. उन्हाळ्यात दुपारी त्या गल्लीत कुत्रंही दिसायचं नाही. भिंती तापायच्या, सिमेंट तापायचं, आणि सावली म्हणावी अशी गोष्ट कुठेच नव्हती.

अशाच एका मे महिन्यात, भर दुपारी, आम्ही घरी परतत होतो. मैदानाच्या कोपऱ्यावर अजमतचे हात माझ्या दांडीवरून सुटले. आधी मला वाटलं, तो घाम पुसायला थांबला. मग तो पडल्याचा आवाज आला. लोक धावले. "सावलीत घ्या, सावलीत घ्या," असं सगळे ओरडत होते. पण घेणार कुठे? शेवटी चौघांनी त्याला उचलून माझ्याच खाली निजवलं. मित्रांनो, त्या सबंध गल्लीत माझ्या फळ्यांखालची तेवढीच सावली होती. तीही गरम होती. दवाखान्यात नेईपर्यंत अजमत गेला.

मैमूना रडली नाही. घरात बाया जमल्या, त्यांनी तिला जवळ घेतलं, हलवलं, म्हणाल्या, "रो ले, बहन." ती त्यांच्याकडे बघत राहिली. पुढेही रडली नाही. ती उठायची, भाकरी करायची, भांडी घासायची आणि दारात येऊन बसायची. भाजीत मीठ पडलं की नाही हे तिला कळायचं नाही. तिची मुलगी अफ्रीन बियाण्याच्या कंपनीत कामाला जायची. ती संध्याकाळी येऊन तसंच अळणी जेवायची.

मी दाराशेजारी उभा होतो. माझ्यावर गोधड्या वाळत पडू लागल्या. चाकांतली हवा गेली. माझ्या दांडीला कोळ्याने जाळं केलं. मैमूना समोर बघायची आणि मी तिच्याकडे. लोखंडाला काय वाटणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. त्या दिवसांत आम्हा दोघांना सारखंच वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

पावसाळ्यात गावातल्या एका मंडळाचे लोक आले. त्यांनी मैदानातला कचरा ट्रॅक्टरने उचलला, खड्डे खणले, बॅनर बांधला, कडुलिंब, करंज, बहावा अशी रोपं लावली. रस्त्याच्या कडेनेही लावली. भाषण झालं, पेढे वाटले, फोटो निघाले. लोक चांगले होते, मनापासून लावत होते. फक्त ते गेले, आणि नंतर परत आले नाहीत. पाऊस ओढला. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली. बाकीची माना टाकायला लागली. गल्लीतल्या लोकांनी ती जाता-येता पाहिली. जालन्यात प्यायचं पाणी नळाला कधी येईल याची खात्री नसते. झाडाला पाणी घाला, हे कोण कुणाला सांगणार?

मैमूनाच्या समोरच्या घरात गोजरबाई राहायची. ती भोकरदनकडच्या धावड्याची. मुलगा हरिओम मिलमध्ये कामाला लागला, तेव्हा त्याच्याबरोबर शहरात आली. वयाने मैमूनापेक्षा मोठी, गुडघ्यांनी अधू, तोंडाने तिखट. एका सकाळी ती रस्ता ओलांडून आली आणि मैमूनाशेजारी उंबऱ्यावर बसली.

"मैमूना, ती रोपं मरून राह्यली."

मैमूना समोरच बघत होती.

"मला बादली घेऊन चालवत न्हाई. गुडघे धरले. तुझ्याकडं गाडा हाय."

"पाणी कुठंय, आक्का?" मैमूना म्हणाली. खूप दिवसांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"ते तू पाह्य. सगळं मीच सांगू व्हय?"

मैमूना बसून राहिली. गोजरबाई निघून गेली. दुपारच्या अजानीनंतर लोक नमाजाला जाऊ लागले. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात, त्याला वजू म्हणतात. ते पाणी मशिदीच्या मागच्या बाजूला नालीत पडत होतं. मैमूना दारातून ती धार बघत होती. रोजच दिसायची ती. त्या दिवशी ती उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि मशिदीची देखभाल करणाऱ्या इजहारभाईंना मागच्या दाराशी जाऊन म्हणाली, "भाई, ये पानी मेरे कू देव."

इजहारभाई गोंधळले. "ये तो धोया हुआ पानी है, भाभी. क्या करते इसका?"

"झाडां को डालती."

त्यांनी थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नालीच्या तोंडाशी पाइप जोडला आणि खाली एक जुनी टाकी ठेवली. अफ्रीनने माझ्या चाकांत हवा भरून आणली. हरिओमने माझ्यावर एक प्लास्टिकचा पिंप दोरीने आवळून बांधला. मैमूनाने माझी दांडी धरली. तिच्या हातांना मी जड गेलो. पहिल्या दिवशी अर्धं पाणी रस्त्यावरच सांडलं.

मग रोजचं झालं. दुपारच्या नमाजानंतर पिंप भरायचा आणि डबड्याने एकेका रोपाला पाणी घालत जायचं. गोजरबाई काठी टेकत मागे यायची आणि सूचना करायची. "बुडाशी ओतू नको, आळ्यात ओत." "काट्या लाव, न्हाई तर शेळी मुंडी घालतीच." तिनेच हरिओमकडून बाभळीच्या काट्या आणवल्या आणि प्रत्येक रोपाभोवती कुंपण केलं. मैमूना सांगेल तसं करायची. तिचा चेहरा बदलला नव्हता. भांडी घासावीत तशी ती पाणी घालायची. लोक म्हणायचे, "बघा, झाडांमुळे चाची सावरली." मी तिच्या हातांखाली असायचो. मला माहीत होतं, ती सावरली नव्हती.

मैदानाच्या कोपऱ्यावर, जिथे अजमत पडला होता, तिथे मंडळाच्या लोकांनी योगायोगाने कडुलिंबाचं एक रोप लावलेलं होतं. मैमूना तिथे शेवटी जायची आणि पिंपात राहिलेलं सगळं पाणी त्याला घालायची. कधी कधी हाताने त्याच्या पानांवरची धूळ पुसायची. बाकी कुठल्या रोपाला तिने हात लावलेला मी पाहिला नाही. ते रोप तिच्या कमरेला लागलं, तेव्हा एकदा तिने आपल्या कमरेला हात लावून त्याची उंची पाहिली. तेवढंच.

मैदानात कल्याण नावाचा माणूस आपला टेम्पो लावायचा. मिलमधला माल वाहायचा. कचरा होता तेव्हाही लावायचा, झाडं लावल्यावरही लावायचा. झाडांमुळे टेम्पो वळवायला अडचण होते, अशी त्याची कुरकुर असायची. पण माणूस वाईट नव्हता. एका संध्याकाळी तो घाईत मागे येत होता. मैमूना पलीकडे करंजाला पाणी घालत होती. टेम्पोचं मागचं चाक कोपऱ्यावरच्या काट्यांवर चढलं. काट्या मोडल्याचा आवाज झाला.

कल्याण खाली उतरला. रोप जमिनीशी सपाट झालं होतं, बुडापासून चिरलं होतं.

"चाची, दिसलंच न्हाई हो. आईशप्पथ दिसलं न्हाई."

गल्लीतले लोक जमले. कुणी कल्याणला शिव्या दिल्या, कुणी त्याची बाजू घेतली. मैमूना त्या रोपाजवळ आली, उभी राहिली. मग हातातलं डबडं तिने पिंपात ठेवलं आणि घरी निघून गेली. मला तिथेच रस्त्यात सोडून. तिचं दार तिथून समोरच दिसायचं आणि तिथलं बोलणं मला ऐकू यायचं.

ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मशिदीमागची टाकी भरून वाहू लागली. पुन्हा उन्हाळा लागला होता. रोपांची पानं दुपारी मिटायची आणि संध्याकाळीही उघडेनाशी झाली. अफ्रीनने कामावरून आल्यावर एकदा मला ढकलून पाहिलं, पण दिवसभर बियाणं निवडून ती थकलेली असायची. ती घरी जाऊन म्हणाली, "अम्मी, झाडां मर रहे."

"मरने दे," मैमूना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

अफ्रीन थेट समोरच्या घरी गेली. गोजरबाई काठी आपटत आली. या वेळी ती उंबऱ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"ते एक गेलं. बाकीच्यांनी तुझं काय वाकडं केलं?"

मैमूनाने वर पाहिलं. मग म्हणाली, "आक्का, तुला एक सांगू? मला कायबी वाटत न्हाई. ते गेले तवा न्हाई वाटलं. झाड मोडलं तवा वाटलं आता तरी रडू येईल. न्हाई आलं. लोक म्हणत्यात झाडांवर माया केली. मी माया न्हाई केली, आक्का. माझ्यात कायबी उरलं न्हाई."

मला वाटलं, आता गोजरबाई तिला जवळ घेईल. तिने घेतलं नाही.

"मंग?" ती म्हणाली. "वाटाया कशाला पायजे? माझा नवरा गेला तवा दारात म्हैस व्हती. मला कायबी वाटत नव्हतं, तरी धार काढावी लागायची. तिच्या थानाला काय म्हाईत मला काय वाटून राह्यलं. झाडाला तुझं वाटणं लागत न्हाई, मैमूना. पाणी लागतं. ऊठ."

मैमूना उठली. मन भरून आलं म्हणून नाही, काही ठरवलं म्हणूनही नाही. कुणीतरी ऊठ म्हणालं म्हणून उठली. चपला घातल्या, मैदानापर्यंत आली, माझी दांडी धरली. मशिदीमागे पिंप भरला. आणि एका कडेने, मरायच्या बेतात आलेल्या एकेका रोपाला पाणी घालत निघाली. कोपऱ्यावर आली तेव्हा तिथे करंजाचं एक नवं रोप होतं. भोवती काट्या नव्हत्या, लोखंडी सळयांचं कडं होतं. कल्याण टेम्पोच्या पायरीवर बसला होता.

"हे कुणी लावलं?"

"मी," तो म्हणाला.

"पाणी घातलं?"

त्याने मान खाली घातली. "ते डोक्यात आलं न्हाई."

मैमूनाने पाणी घातलं. त्या दिवसापासून कल्याण टेम्पो मागे घेण्याआधी एवढा लांब हॉर्न वाजवायचा, की अख्खी गल्ली कानांवर हात ठेवायची. त्याला कुणी काही बोललं नाही.

मित्रांनो, झाडं अशी वाढली. वाढताना दिसत नाहीत. आपण दुसरीकडे बघत असतो. काही वर्षांनी एका दुपारी करंजांची सावली रस्त्याच्या पार पलीकडे पोहोचली. त्या सावलीत आधी एक भाजीवाली बसली, मग चहाची टपरी आली. मशिदीतून निघालेले म्हातारे आणि गोजरबाईच्या ओळखीतले भजनातले म्हातारे एकाच दगडी कट्ट्यावर बसून गुडघ्यांविषयी बोलू लागले. मैदानात कचरा टाकायची लोकांना लाज वाटू लागली, कारण तिथे आता कुणीतरी बसलेलं असायचं. रिक्षा आत यायला लागल्या. आणि लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, "पिंजारपुरा, झाडांचा." अफ्रीनला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांना तोच पत्ता दिला होता.

मैमूनाचा सत्कारही झाला. शाल दिली, नारळ दिला. एकाने उत्साहाने माझ्याही दांडीला हार घातला. तो संध्याकाळपर्यंत शेळीने खाल्ला. मैमूना व्यासपीठावर बसली होती, टाळ्या वाजल्या तेव्हा समोर बघत होती. घरी येऊन तिने शालीची घडी करून पेटीत ठेवली आणि पिंप भरायला निघाली.

मग झाडं मोठी झाली. त्यांची मुळं खोल गेली आणि त्यांना रोजच्या पाण्याची गरज राहिली नाही. इजहारभाईंनी टाकीपासून झाडांच्या आळ्यांपर्यंत पाइपच टाकला. माझं एक चाक मोडलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. मला भिंतीला टेकवून ठेवलं. पाऊस आला, ऊन आलं, शेळ्या आल्या. मला कुणी मुद्दाम विसरलं नाही. ज्याचं काम संपतं, ते आपोआप लोकांच्या नजरेआड होतं.

आता एका दुपारचं सांगतो आणि थांबतो. गेल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मैमूना अफ्रीनच्या सासरहून येत होती. गल्लीच्या तोंडाशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल हातात घेऊन, एक पाय तापल्या सिमेंटवर कसाबसा टेकवत ती झपाझप आली आणि करंजाखालच्या मातीत येऊन एकदम थांबली. गोजरबाई कट्ट्यावर बसली होती.

"काय झालं ग? काटा भरला?"

मैमूना आपल्या पायाकडे बघत होती. तिने दुसरी चप्पलही काढली. दोन्ही पाय मातीवर टेकवले.

"आक्का, जमीन थंड हाय."

"सावलीतली माती थंडच राहणार. त्यात काय नवल?"

"न्हाई," मैमूना म्हणाली. "मला थंड लागून राह्यली."

गोजरबाईने काठी बाजूला ठेवली. ती कट्ट्यावर थोडी सरकली. मैमूना तिच्याजवळ बसली, पाय मातीतच ठेवून. पायांची बोटं हलवत राहिली. बऱ्याच वेळाने, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, "त्यायला मोसंबी चालतच नव्हती, आक्का. जिंदगीभर विकली. लोकांना सांगायचे, शहद हाय, शहद. घरी मी फोड पुढं केली की तोंड असं करायचे." तिने अजमतसारखं आंबट तोंड करून दाखवलं. गोजरबाई हसली. मैमूनाही हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला, आणि इतकी वर्षं जे आलं नव्हतं ते आलं. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. गोजरबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला मनसोक्त रडू दिलं.

मित्रांनो, झाड लावायला एक सकाळ पुरते. ते जगवायला अशा कितीतरी दुपारी लागतात, ज्यांत आपल्याला काहीच वाटत नसतं. त्या दुपारी फुकट जात नाहीत, एवढं मी पाहिलं आहे. तुमच्या गल्लीत एखादं रोप मान टाकून उभं असेल, तर मन लागण्याची वाट बघू नका. त्याला पाणी घाला. आणि दारात गप्प बसलेलं एखादं माणूस दिसलं, तर त्याला रडू नको म्हणू नका, रड असंही म्हणू नका. एक बादली त्याच्या हातात द्या, आणि दुसरी तुम्ही घ्या.